एसटीतल्या ताई आणि कंडक्टरदादा, मनापासून आभार

आईची अक्कलदाढ साताऱ्यात काढली. दवाखान्यात सगळं नीट झालं. भूल दिल्यावर नुसता दाब जाणवला, दुखलं नाही. पण महाबळेश्वरच्या एसटीत, मेढ्याच्या अलीकडे, तोंडातून पुन्हा रक्त यायला लागलं. आई सारखी रुमालात थुंकत होती. लाल झालेला रुमाल बघून माझे हातपाय गळाले.

मागच्या सीटवरच्या एक ताई उठून आल्या. नर्स आहे, एवढंच म्हणाल्या. "काकू, थुंकू नका. थुंकलं की गुठळी सुटते." जवळच्या गॉझची घट्ट घडी करून त्यांनी नेमकी खड्ड्यावर ठेवली, दात आवळून धरायला सांगितले आणि ३० मिनिटं एकदाही उघडून बघू दिलं नाही. आईला ताठ बसवलं, पूर्ण वेळ तिचा हात हातात धरला. लाळेत मिसळलेलं थोडं रक्तही खूप दिसतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे मला धीर आला.

मेढा स्टँडवर कंडक्टरदादांनी स्वतः उतरून रसवंतीतून बर्फ आणला, गालावर धरायला पिशवीत बांधून दिला. गाडी तेवढी थांबली, पण एकही प्रवासी कुरकुरला नाही. त्या सगळ्यांचेही आभार.

उतरेपर्यंत रक्त थांबलं. २४ तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला तर लगेच डॉक्टरांकडे, हे ताईंनी कागदावर लिहून दिलं होतं. आम्ही तसंच केलं. ताई, आई आता छान भाकरी खातेय. घाईत तुमचं नावही विचारायचं राहिलं. मेढ्याकडे आलात तर घरी नक्की या.