शिबिर झाले, फोटो झाले, तपासणी राहिली: हज यात्रेचा कारभार पाहणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सलाम. पत्राच्या सुरुवातीला सौजन्याच्या दोन ओळी लिहायच्या असतात, त्या लिहिल्या असे समजावे.

माझी अम्मी यंदा हजला जाऊन आली. जिवंत आली, त्याबद्दल अल्लाहचे आभार मानून झाले. उरलेले बोलणे आपल्याशी आहे. मक्केजवळच्या मुझदलिफाच्या मुक्कामाहून मीनाच्या तंबूंकडे चालताना ती रस्त्यातच कोसळली. उष्माघात. शुद्ध आली ती तिथल्या रुग्णालयात, आणि मूत्रपिंडाला जो फटका बसला तो अजून भरून आलेला नाही. इथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तर एवढ्या उन्हात तिचे काय करायचे, हे निघण्यापूर्वी कोणी सांगितले नाही का?

कोण सांगणार होते, साहेब? व्यासपीठावरून आम्हाला शब्द मिळाला होता की प्रत्येक यात्रेकरूची नीट तपासणी होईल, औषधांचा सल्ला मिळेल, चालण्याचा सराव करून घेतला जाईल. प्रत्यक्षात निघण्यापूर्वीच्या शिबिरात भाषणे झाली, शाली-श्रीफळ झाले, फोटो झाले. डॉक्टरांच्या टेबलापुढची रांग मात्र विलक्षण वेगाने सरकली. ‘काही त्रास?’ ‘नाही.’ शिक्का. पुढचा. ज्या बाईचे नाव हजच्या सोडतीत, म्हणजे कुर्‍यात निघावे म्हणून घरादाराने दुआ मागितली, ती ‘दोन जिने चढले की धाप लागते’ असे चारचौघांत सांगेल का? नाव कापले जाईल या भीतीने माणसे आजार लपवतात. हे आम्हाला कळते, शिक्का मारणाऱ्याला कळत नाही?

आणि पाण्याचे. ‘भरपूर पाणी प्या’ असे पत्रक वाटले की तयारी झाली, असा आपल्या खात्याचा समज दिसतो. मुझदलिफाची रात्र उघड्यावर असते आणि स्वच्छतागृहापुढच्या रांगा संपता संपत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या बायका पाणीच पीत नाहीत. अम्मीही प्यायली नव्हती. तिच्या सोबतच्या बायकाही नाहीत. हे कुठल्या पत्रकात आहे? इहराममधल्या, म्हणजे हजच्या व्रतस्थ वेषातल्या, पुरुषाला डोके झाकता येत नाही, पण छत्री धरायला मुभा आहे, हे किती जणांना सांगितले? चपला हरवल्या तर तापलेल्या रस्त्यावर मधुमेह्याचा पाय भाजतो आणि त्याला कळतही नाही. इन्सुलिन थंड कसे ठेवायचे? डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन नसेल तर औषध विमानतळावर अडकू शकते, हे? मीनात विधीसाठी रस्त्याकडेला डोके भादरून घेताना पाते नवे आहे का, हे तरी?

२०२४ चा हज आठवत असेल. मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. सौदी सरकारने स्वतः १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांतले पाचातले चार विनापरवाना आलेले, ज्यांना ना तंबू, ना बस. हे ऐकून आपल्याकडे अनेकांना हायसे वाटले, कारण आपले लोक कोट्यातून, रीतसर जातात. पण त्याच वर्षी आपलेही ९८ गेल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, आदल्या वर्षीचा आकडा १८७. कारणे काय? जुनाट आजार, वार्धक्य, नैसर्गिक मृत्यू. वा! जुनाट आजार म्हणजे निघण्याआधीपासून होता ना? मग ‘प्रवासास योग्य’ हा शेरा कोणाला बघून मारला?

करायचे म्हटले तर होते. १९८७ मध्ये हाजींबरोबर मेंदूज्वराची साथ जगभर पसरली, २००० मध्ये दुसऱ्या प्रकारची आली. मग मेंदूज्वराच्या चार प्रकारांवरची लस सक्तीची झाली, पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. लस नाही तर व्हिसा नाही. म्हणून लस सगळ्यांना मिळते. १९९७ मध्ये मीनाचे तंबू पेटले, ३४३ माणसे गेली, त्यानंतर आग न धरणारे तंबू आले. जिथे कोणीतरी तपासणारा आहे, तिथे काम होते. तंदुरुस्तीचा कागद इथे कोणी नीट तपासत नाही, म्हणून तो शिबिराच्या दारात रद्दीसारखा वाटला जातो.

आता मला सांगण्यात येते की काळजी नको, चांद्र पंचांगामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, पुढची बरीच वर्षे तो उन्हाळ्यात येणार नाही. म्हणजे खात्याचे काम चंद्राने करायचे! थंडीत हृदय बंद पडत नाही? अराफातचे मैदान जवळ येते? मे महिन्यातली मक्का तरी कुठे थंड असते?

दोष एकट्या हजच्या कारभाराचा नाही म्हणा. आपल्याकडे आरोग्य म्हणजेच शिबिर. डोळ्यांचे शिबिर, रक्ताचे शिबिर, निवडणूक आली की सगळ्याचेच शिबिर. लाभार्थी मोजायचे, बॅनर उतरवायचे, पुढच्या गावाला जायचे. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर वर्षभर बसला असता, तर अम्मीची गोळी त्याला पाठ असती आणि तुमच्या मांडवाची गरजच पडली नसती. आणि कोणी हजच्या सरकारी अनुदानाचा टोमणा मारण्याआधी सांगतो, ते २०१८ पासून बंद आहे. लोक आयुष्यभराची पुंजी मोजून जातात. फुकट काही मागत नाही.

मागतो ते एवढेच: तपासणी निघण्याच्या तीन-चार महिने आधी करा, पडद्याआड करा, एकेकट्याला विचारा, आणि गोळ्या बदलायला, रोज चालायला वेळ मिळू द्या. प्रमाणपत्रावर डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येईल असा छापा. अम्मीच्या कागदावर नुसता एक गिचमिड फराटा आहे. तो कोणाचा, हे लेखी कळवावे.

आपला,
एका हज्जनचा मुलगा