घोडे छापता, मग रुंदी का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत एका परदेशी गाडीवर अर्धं पान आलं होतं. ७२७ घोड्यांची ताकद, साडेतीन सेकंदांत शंभरचा वेग, आतल्या दिव्यांचे रंग, सीटच्या शिलाईचा दोरा, सगळं होतं. गाडीची रुंदी नव्हती आणि वजनही नव्हतं. मी पान दोनदा वाचलं. मग चष्मा बदलायची वेळ आली की काय म्हणून बायकोला वाचायला दिलं. नव्हतंच.

मी नागपूरच्या गणेशपेठेत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. वडिलांनी १९७१ मध्ये शेड टाकली. मी दहावीनंतर तिच्यात शिरलो, तो अजून आतच आहे. शेड २४ फूट रुंद आणि १६ फूट खोल. हे माप वडिलांनी फियाटवरून काढलं होतं. पुढे जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले तीच ही. रुंदी १४६० मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच फुटांवर अर्धा इंच. लांबी तेरा फुटांना इंचभर कमी. तीन फियाट शेजारीशेजारी उभ्या राहायच्या आणि दोन गाड्यांच्या मधे माणूस हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन बसायचा. मागे टेबल, त्यावर चहाचा स्टोव्ह. आता त्याच शेडमध्ये दोन गाड्या लावल्या की तिसऱ्या गाडीवाल्याला मी हात जोडतो.

वडिलांची एक सवय होती. आलेल्या प्रत्येक गाडीला टेप लावायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. रंग किती लागेल, त्याचा अंदाज त्यावरून निघायचा. ती सवय मला लागली. आता वही पाचवी चालू आहे. ज्या गाड्या आमच्याकडे कधी येणार नाहीत, त्यांचेही कंपनीने छापलेले आकडे मी त्यात उतरवतो. हा निव्वळ नाद. आमच्या धंद्यात लांबी म्हणजे पुटी, जी खड्ड्यात भरून घासायची. पण मला दुसऱ्या लांबीचाही शौक आहे, असं आमचा पेंटर म्हणतो.

तर आपल्या पुरवणीतली ती गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची एम-फाइव्ह. वहीत ती अशी आहे: लांबी ५०९६ मिलिमीटर, आरसे सोडून रुंदी १९७०, वजन २४३५ किलो. पहिली एम-फाइव्ह १९८५ च्या सुमाराची, २८६ घोड्यांची आणि साधारण १४३० किलोची. मधल्या पिढ्या सोडून देतो, पण हिच्या लगेच आधीची पाहा. ती ६०० घोड्यांची होती आणि शंभरला पोचायला ३.४ सेकंद घ्यायची. नव्या गाडीत १२७ घोडे जास्त जुंपले आणि वेळ लागतो ३.५ सेकंद. मग ते वाढीव घोडे गेले कुठे? गाडीच ओढतायत, बाप्पा. पोटात बॅटरी आली, मोटर आली, ते सगळं वाहून नेतायत. हे जर आपण छापलं असतं, तर त्या अर्ध्या पानाचा सूरच वेगळा लागला असता.

पोर्शेची ९११ घ्या. १९६४ ची पहिली गाडी १६१० मिलिमीटर रुंद आणि १०८० किलो वजनाची. आपल्या गल्लीत रोज दिसणारी वॅगन-आर १६२० आहे. म्हणजे ज्या गाडीची चित्रं आम्ही पोरं मासिकातून कापून शेडच्या पत्र्याला चिकटवायचो, ती वॅगन-आरपेक्षा एक सेंटीमीटर अरुंद होती. आजची ९११ साडेअठराशेच्या वर आहे आणि दीड टनाच्या आसपास. बीएमडब्ल्यूचीच धाकटी, १९८६ ची पहिली एम-थ्री १६८० होती. आजची स्विफ्ट तिच्यापेक्षा साडेपाच सेंटीमीटरनं रुंद आहे. आजच्या एम-थ्रीनं १९०० ओलांडलंय. आणि जुनी मिनी? लांबी जेमतेम दहा फूट, चाकं दहा इंची. तिनं १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा माँटे कार्लोची रॅली मारली, तीही बर्फातून, डोंगरातून. तिच्या चाकाएवढी तर आता गाड्यांची ब्रेकची तबकडी असते. असते म्हणजे, तिच्याहून मोठीच असते.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या गावातलं एक सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे एका डॉक्टरांची फियाट यायची. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, कंपनीच्या हिशेबानं चाळीसेक घोड्यांचं. पण डॉक्टरांनी ताकद वाढावी म्हणून इंजिनाचं हेड घासून घेतलं होतं, दोन कार्बोरेटर बसवले होते आणि स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअरवर आणला होता. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे फियाट पळताना त्यांनी पाहिल्या होत्या, ते खूळ त्यांनी नागपुरात आणलं. रविवारी सकाळी मला बाजूला बसवून फुटाळ्याच्या काठानं सेमिनरी हिल्सचा चढ चढायचे. काटा साठ-पासष्टच्या पुढे जात नसे. पण गाडी हलकी, टायर सायकलीसारखे बारीक, खिडक्या उघड्या. वळणावर मागचं चाक जरा सुटायचं आणि डॉक्टर हसायचे. माझी तर जीभ टाळूला चिकटायची. रस्ता मात्र दोन्ही बाजूंनी शिल्लक असायचा, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला डॉक्टरांची गाडी शर्यतीची आहे याची खबरही लागत नसे. आज तोच आनंद घ्यायचा तर दीडशेच्या वर जावं लागतं, आणि समृद्धी महामार्गावरही मर्यादा १२० ची आहे. मग ही गाडी घेऊन जायचं कुठे, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

कुठे जाते ते मागच्या लग्नसराईत मी पाहिलं. आमच्या नागपूरच्या महाल भागात, एका जुन्या वाड्यांच्या गल्लीत. गल्ली सव्वाआठ फूट, मी नंतर टेप लावून आलो. गाडी मोठी, पाचशेच्या वर घोड्यांची. कंपनीचं नाव घेत नाही. आरसे धरून सात फूट भरली. सरळ गल्लीत ती चालली असती. वळणावर अडकली. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना ठाऊक असेल, वळताना चाक बैलांच्या पावलांवरून जात नाही, आतून कापतं. मोटारीचं मागचं चाकही पुढच्या चाकाच्या चाकोरीतून वळत नाही, तसंच आतून कापतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं जास्त आतून. जुन्या वाड्यांच्या कोपऱ्यावर म्हणून तर काळा दगड पुरलेला असतो, गुडघ्याएवढा, म्हणजे बैलगाडीचा आस भिंतीला लागू नये. त्या दगडानं आपलं काम केलं. गल्लीत शिरल्यापासून दोन्हीकडून टूं-टूं वाजतंय म्हणून गाडी चालवणाऱ्या पोरानं आवाज आधीच बंद केला होता.

दार चेपलं, मागचा फेंडर आत गेला, आणि चाकावरचं आतलं प्लास्टिक टायरला घासायला लागलं. पोरगा म्हणे, हा दगड काढून टाका. वाड्यातल्या आजी ओट्यावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "दगड आमच्या आजेसासऱ्याच्या वक्ताचा हाय बाप्पा, तो नाई निघत. तू गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून नवरदेव निघायचा होता, म्हणून रात्री ती माझ्याकडे आली. प्लास्टिक कापून द्या, बाकीचं कंपनीत पाहू, एवढंच काम. पत्रा ॲल्युमिनियमचा होता, त्याला मी हात लावला नाही. त्याची हत्यारं वेगळी लागतात, लोखंडाची भुकटी लागली की तो पुढे सडतो. फियाटचा मडगार्ड असता तर तासाभरात ठोकून दिला असता. काम वीस मिनिटांचं झालं, पण गाडी शेडच्या बाहेर आठ-नऊ इंच उरली आणि शटर खाली येईना. दीड-दोन कोटींचा माल उघड्यावर कसा टाकायचा? गाडीपुढे खाट टाकून रात्रभर मीच झोपलो. झोपलो म्हणजे मच्छर मारले.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला जुनं तेवढं सोनं वाटतं. तसं नाही. जुन्या गाड्या ठोकल्यावर काय होतं ते मी हातानं धुतलेलं आहे. फियाट-ॲम्बॅसिडरचा स्टिअरिंगचा दांडा एकच सरळ लोखंडी. समोरून धडक बसली की तो ड्रायव्हरच्या छातीत यायचा. पट्टे नाहीत, डोक्यामागे टेकण नाही. भंडारा रोडवरून ओढून आणलेल्या एका फियाटची सीट वडिलांनी मला धुवायला लावली होती, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्या दिवसानंतर महिनाभर मी शेडमध्ये जेवलो नाही. तेव्हा एअरबॅग नको, दारातली पोलादी पट्टी नको, असं माझ्यासारखा माणूस कधीच म्हणणार नाही. युरोपात १९९७ पासून गाड्या भिंतीवर आपटून सुरक्षेचे तारे देतात, आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून तशीच चाचणी, भारत एनकॅप, आली. चांगलंच झालं. फियाटचं दार चार बोटं जाड होतं, मी एका हातानं उचलायचो. आता दार वीतभर जाड असतं. आत पट्टी, मोटर, स्पीकर, वायरींचा गुंता. उचलायला दोघं लागतात. बाहेरून गाडी फूटभर वाढली तरी आत माणसाला तेवढी जागा वाढलेली नसते, कारण बरीचशी दारांनीच खाल्लेली असते.

पण सगळी वाढ सुरक्षेच्या खात्यात टाकू नका. घोडे वाढले की ब्रेक मोठा लागतो, ब्रेक मोठा झाला की त्याच्यावर बसायला चाक मोठं, चाक मोठं झालं की चाकावरची कमान रुंद. सगळं मिळून गाडी जड झाली, की ती पळवायला पुन्हा घोडे. हे चाक थांबवता येतं. माझदाची छोटी उघडी गाडी, एमएक्स-फाइव्ह, १९८९ मध्ये आली. २०१५ ची तिची चौथी पिढी पहिलीपेक्षा लांबीला कमी आहे आणि वजन हजार किलोच्या आसपास, एअरबॅगा धरून. टोयोटाची जीआर यारिस घ्या, तीन सिलिंडर, अडीचशेच्या वर घोडे, लांबी ३९९५ मिलिमीटर.

हा ३९९५ आकडा वाचून आपल्या वाचकांना ओळखीचं वाटलं असेल. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सूट मिळाली, तेव्हापासून आपल्याकडे डिक्या कापून गाड्या चार मीटरमध्ये बसवायची कला आली. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के आहे. लहान कोणती ते ठरतं लांबीवर आणि इंजिनावर. रुंदीला कोणी विचारत नाही, वजनालाही नाही. म्हणजे ती यारिस इथे आली तरी इंजिन १२०० सीसीच्या वर म्हणून ती "मोठी". आणि अडवायचीच असेल तर लांबी अडवा म्हटल्यावर गाड्या आडव्या आणि उंच वाढल्या. महालातल्या गल्लीत अडतं ते आडवंच.

माझा मुलगा बेसा रोडला फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या बिल्डरच्या नकाशात पार्किंगचा खाना अडीच बाय पाच मीटर. आपल्या पुरवणीतली गाडी त्यात लावली तर नाक चार इंच बाहेर, आणि दोन्ही बाजूंना उरते जेमतेम वीत-सव्वावीत. वीतभर जाडीचं दार वीतभर जागेत उघडून बाहेर कसं यायचं, हे अर्ध्या पानात कुठेतरी हवं होतं. दोन कोटी देणाऱ्याला नसेल लागत, शेजारच्या खान्यातल्या स्कूटरवाल्याला लागतं.

वजनाचंही तसंच. साठच्या वेगात येणारी ८९५ किलोची पद्मिनी आणि साठच्याच वेगात येणारी २४३५ किलोची गाडी यांच्या धडकेत पावणेतीन पटीचा फरक आहे. आतल्या माणसाला सात-आठ एअरबॅगा आहेत. बडकस चौकात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्याची पिशवी आहे.

माझी मागणी लहान आहे. आपल्या गाड्यांच्या सदरात किती घोडे आणि किती सेकंद हे जिथे छापता, त्याच ओळीत आरशांसकट रुंदी आणि वजन छापा. शक्य असेल तर त्याच नावाच्या पहिल्या गाडीचं मापही शेजारी द्या. जागा दोन ओळींची लागेल, शिलाईच्या दोऱ्याचं वर्णन थोडं कमी केलं की झालं. आरसे उघडे ठेवूनचा आकडा कंपन्या पत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात देतात. नाही सापडला तर गाडी कुठे उभी आहे तेवढं कळवा. सोमवारी शेड बंद असते, टेप घेऊन मी येतो.

आपला,
एक जुना वाचक आणि डेंटर
गणेशपेठ, नागपूर