भंडाऱ्यात हरलेला सभासद

लाखांदूर तालुका, जि. भंडारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. हलके धान कापून बांधीत पसरले होते आणि आभाळ भरून आले, त्यामुळे आधी पुंजणे रचणे भाग होते. भारी धान अजून उभे आहे. आज रात्री निवांत बसलो आणि तुझे पत्र पुन्हा वाचले.

तू लिहितोस की अकरा सदस्यांच्या पंचायतीत तुम्ही तिघेच विरोधात आहात. तलावाच्या लिलावाच्या ठरावावर तुम्ही तासभर बोललात, आकडे मांडले, आणि इतिवृत्तात मात्र ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढीच ओळ उमटली. विरोधी बाकावरून बोलून काही होत नाही, म्हणून राजीनामा देऊन शेती पाहावी, असा तुझा विचार दिसतो. याचे उत्तर मला दोन शब्दांत देता येत नाही. गेल्या पावसाळ्यात मी महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पंधरावा खंड वाचत होतो. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि संसदेतील विरोधी सभासद या दोन भूमिकांतली त्यांची भाषणे त्यात एकत्र केली आहेत. पहिली भूमिका आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दुसरीविषयी आपण दोघेही, भंडारा जिल्ह्यात वाढूनसुद्धा, जवळजवळ काही जाणत नव्हतो, हे मला वाचताना फार लागले.

कारण भंडाऱ्यानेच त्यांना हरवले होते. २७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिलाचा, म्हणजे हिंदूंच्या विवाह आणि वारसा कायद्यांत सुधारणा करणाऱ्या विधेयकाचा, प्रश्न विकोपाला गेल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. सभागृहात राजीनाम्याचे निवेदन करण्यापूर्वी त्याची प्रत द्यावी, असे पीठासनावरून सांगण्यात आले; ती अट न मानता ते बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. पुढच्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर ते हरले, आणि १९५२ मध्ये मुंबई राज्यातून संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले. तरीही लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात जाण्याची इच्छा त्यांनी सोडली नव्हती. म्हणून १९५४ च्या मे महिन्यात, आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. जागा दोन होत्या, त्यांपैकी एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या उमेदवाराकडून सुमारे ८,००० मतांनी पराभूत झाले.

माझे आजोबा तेव्हा बैलबंडीने भंडाऱ्याच्या सभेला गेले होते. ते सांगत की भाषण गावच्या भांडणांचे नव्हतेच. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर होते, आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बसलेली माणसे चीन आणि काश्मीर ऐकत होती. आमच्याकडे जुनी माणसे असेही सांगतात की अनुयायांनी दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे तुमची जागा सुरक्षित होईल, असा सल्ला काहींनी त्यांना दिला होता. राज्यघटना लिहिणाऱ्याने मत फुकट घालवायला सांगावे हे त्यांना पटले नाही. आजोबांनी आपले एक मत अशोक मेहतांना दिले होते. दुसरे कोणाला दिले, ते त्यांनी शेवटपर्यंत कोणालाही सांगितले नाही. मी एकदा विचारले, तेव्हा ते उठून अंगणात गेले होते.

आता तारखा पाहा. मे महिन्यात पराभव झाला. २३ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाला ‘राज्यसभा’ हे नाव मिळाले, आणि २६ ऑगस्टला तेथे परराष्ट्र धोरणावर चर्चा झाली. मधुमेहाने आणि सांधेदुखीने शरीर खचत चालले होते, हाताशी पक्षाचे संख्याबळ नव्हते, तीनच महिन्यांपूर्वी मतदारांनी नाकारले होते. अशा अवस्थेत एखाद्याने मौन धरले असते किंवा कडवट बोलून मन मोकळे केले असते. या माणसाने मुद्दे मांडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चीनबरोबर पंचशीलाचा, म्हणजे शांततेने एकत्र नांदण्याच्या पाच तत्त्वांचा, करार झाला होता आणि जूनमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीला येऊन गेले होते. देशात स्नेहाचे वातावरण होते. बाबासाहेबांनी विचारले की पंचशील हा बुद्धधर्मातला शब्द आहे, आणि चीनचे नेते माओ यांचा त्यावर विश्वास असता तर त्यांच्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक मिळाली असती. राजकारणात अशा शीलावर विसंबता येईल काय? तिबेटची राजधानी ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच चिनी सरहद्द आपल्या सरहद्दीला आणून भिडवली आहे, असे त्यांनी पंतप्रधानांना स्पष्टपणे सांगितले. गोव्याचा प्रश्न आरंभीच हाताळला असता तर तो सुटला असता, हेही त्यांनी सांगितले.

या भाषणाला लोक आता भविष्यवाणी म्हणतात, कारण १९६२ चे युद्ध आठ वर्षांनी आले. मला त्या शब्दाचे आकर्षण नाही. शिवाय त्या भाषणातले सर्वच मला पटते असेही नाही. साम्यवादी देशांशी सहजीवन अशक्य आहे आणि म्हणून पाश्चात्त्य गटाकडे झुकावे, असा जो कल त्यांच्या बोलण्यात दिसतो, तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझे मन त्याला राजी झाले नाही. मला मोलाची वाटते ती त्यांची विचारण्याची रीत. धोरणाला सुंदर नाव दिले आहे हे मान्य, पण त्याने सरहद्द कोठे येते आणि खर्च किती येतो, हे त्यांनी विचारले. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी हिशेब मांडला होता: वर्षाच्या सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि एवढा खर्च करावा लागतो तो आपल्याला मदतीला येईल असा मित्र उरलेला नाही म्हणून. परराष्ट्र धोरण हे दिल्लीतल्या विद्वानांचे प्रकरण आहे असे आपण समजतो. त्यांनी ते अंदाजपत्रकाच्या एका रकमेत आणून उभे केले, म्हणजे कालवा, शाळा आणि दवाखाना यांना उरणाऱ्या पैशाशी त्याचा संबंध शेतकऱ्यालाही दिसावा.

त्याच १९५४ च्या सप्टेंबरात त्यांनी आणखी दोन विषयांवर भाषणे केली, आणि मला तीच अधिक जवळची वाटतात. अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी पडीक जमिनीची मागणी केली. ज्याच्याजवळ जमीन नाही तो गावात कोणाच्या तरी दयेवर जगतो, म्हणून लागवडीयोग्य पडीक जमीन अस्पृश्यांना द्यावी, राज्ये देत नसतील तर त्यासाठी घटनेत बदल करावा, आणि पैसा हवा असेल तर मिठावरचा कर पुन्हा बसवून गांधीजींच्या नावाने निधी उभारावा. मिठाचा कर! गांधीजींच्याच लढ्यामुळे जो कर नकोसा ठरला, तो त्यांच्याच नावाने भूमिहीनांसाठी परत आणा, असे सांगायला किती धैर्य लागले असेल याचा विचार कर. झुडपी जंगलाच्या नोंदीत अडकलेल्या जमिनींसाठी आपल्याकडची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या तहसीलच्या पायऱ्या झिजवत आली आहेत, त्यांना ही मागणी जुनी वाटणार नाही.

दुसरे भाषण १६ सप्टेंबरचे, अस्पृश्यता अपराध विधेयकावरचे. हे तू अवश्य वाच, कारण विरोधी सभासदाने विधेयक कसे वाचावे याचा तो नमुना आहे. विधेयकाच्या हेतूला विरोध करण्याचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांनी कलमे एकेक करून तपासली. आपसात मिटवता येणारा अपराध असे त्याचे स्वरूप ठेवले तर काय होईल, हे गाव माहीत असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही: फिर्यादी मजूर असतो, आरोपीच्या शेतात तो रोज जातो, आणि ‘मिटव’ म्हटल्यावर तो मिटवतो. गावचा बहिष्कार हे हक्क दडपण्याचे खरे हत्यार आहे, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नावालाही त्यांची हरकत होती. कायद्याच्या नावात नागरी हक्कांचे संरक्षण हा आशय यावा, असे त्यांनी सुचवले. कायदा १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्याच नावाने झाला. १९७६ मध्ये त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे करण्यात आले. तेव्हा बाबासाहेबांना जाऊन वीस वर्षे होत आली होती. नाव बदलणाऱ्यांच्या समोर ते भाषण होते की नाही, हा शोध मी केलेला नाही. पण शब्द सभागृहाच्या कामकाजात छापलेले होते, कोणालाही सापडतील अशा ठिकाणी.

घटना जाळण्याविषयीचे त्यांचे वाक्य तुझ्या मोबाईलवरही कधी ना कधी आले असेल. ते कोठून आले ते सांगतो, कारण ते तुझ्या प्रश्नाशी फार जुळते. २ सप्टेंबर १९५३ ला आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालली होती. भाषेच्या आधारावर राज्य झाले की त्यात एखादी मोठी जात सत्ता धरून बसेल आणि लहान समूहांना कोणी विचारणार नाही, अशी त्यांना चिंता होती. त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालांना काही अधिकार द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. (राज्यपालांच्या हाती असे अधिकार देण्याचे भले झाले असते असे मला वाटत नाही, पण चिंता खरी होती.) घटना तुम्हीच केली, असे मित्र मला सांगतात, असे म्हणून ते उद्वेगाने बोलले की ती जाळायला मीच पहिला पुढे होईन. हे अर्धे सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात पुढे ते म्हणाले की बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत, तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला बाधा येईल असे सांगून त्यांना डावलता येणार नाही, आणि अल्पसंख्यांना दुखावण्यानेच सर्वांत मोठी हानी होईल. हे अर्धे कोणी पाठवत नाही. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सभासदाने त्यांना त्या वाक्याची आठवण दिली, तेव्हा ते म्हणाले की देवासाठी देऊळ बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच असुर त्यात शिरले तर देऊळ मोडण्यावाचून काय करणार.

दीड वर्षाने त्यांना जाब विचारता आला आणि त्यांना उत्तर देता आले, याचे कारण शब्द न् शब्द टिपणारे लेखनिक तेथे बसलेले होते. त्यांचे म्हणणे तेव्हा मान्य झाले नव्हते. त्या सभागृहात कोणी ‘सर्वानुमते’ लिहून विषय बंद केला असता, तर आज माझ्या हातात हा खंड नसता, आणि भंडाऱ्याने कोणाला परत पाठवले हे मला कळले नसते.

म्हणून तुझी तक्रार मला राजीनाम्याची वाटत नाही, इतिवृत्ताची वाटते. पुढच्या मासिक सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असेल. तेथेच उभा राहा. ठराव बहुमताने झाला, सर्वानुमते झालेला नाही, एवढी दुरुस्ती माग आणि तिघांची नावे विरोधात नोंदवायला सांग. आपले म्हणणे कागदावर लिहून ने, दोन प्रती कर, एक देऊन दुसरीवर पोच घे. तलावाची मागच्या तीन लिलावांची बोली आणि ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीला मिळालेला वाटा हे आकडे त्यात घाल. तू पत्रात जे रागाचे वाक्य लिहिले आहेस ते मात्र घालू नकोस, कारण वीस वर्षांनी कागद वाचणाऱ्याला आकडे उपयोगी पडतील.

१६ सप्टेंबरच्या भाषणाची पाने मी हाताने उतरवून ठेवली आहेत. भाचा रविवारी साकोलीला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. भारी धान कापून झाले की मीही येऊन जाईन, तेव्हा तुझा तो कागद सभेत जाण्यापूर्वी आपण एकदा मिळून वाचू. आईंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेच्या बाकावरचा सोबती