गोळी का पाठवत नाही

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुला लागू पडली ती गोळी आईलाही पाठव की." मी "बघते" म्हणून विषय टाळला, कारण आई शेजारीच होती आणि तिनं लगेच "मला काही नको" म्हणून मोडता घातला असता. तर गोळी पाठवत नाहीये. का, ते लिहिते.

माझी गोळी म्हणजे सुमाट्रिप्टान. ती साधी वेदनाशामक नाही, अर्धशिशीचीच आहे. डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ती आकसवते, पण हृदयाच्याही थोड्या आकसवते. म्हणून लिहून देण्याआधी डॉक्टरांनी मला छातीत दुखतं का, ब्लडप्रेशर किती, सगळं खोदून विचारलं. आईचं प्रेशर औषध चालू असूनही वरखाली होतं. आणि बाबा, तुम्हाला तर स्टेंट आहे. मी आले की माझ्या पर्समधून "एक घेऊन तर बघू" असं करायचं नाही.

आई, मला आठवतं, माझी वेणी घालताना तू एकामागून एक जांभया द्यायचीस, मान चोळायचीस आणि म्हणायचीस, "आज माझं काही खरं नाही." दुपारी पडदे ओढून, डोक्याला घट्ट फडकं बांधून, उशाशी बादली ठेवून पडलेली असायचीस. माझ्या हातून ताट पडलं की तू कळवळायचीस आणि आम्हाला वाटायचं, आई चिडली. आता मलाही आधी जांभया येतात, मान आखडते. मग समोरच्या पानावरची अक्षरं कडेनं गिळली जातात, तिथे नागमोडी रेघ चमकत राहते. वीसेक मिनिटांनी ती जाते आणि ठणका सुरू होतो. ही चमक सगळ्यांना दिसत नाही. तुला दिसायची का, हे मी कधी विचारलंच नाही. औषध घेतलं नाही तर एक झटका 4 ते 72 तास चालू शकतो. तू तो काढून रात्री स्वयंपाक करायचीस.

आपल्याकडे सगळा दोष पित्ताला. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे पित्तच, असा हिशोब. खरं तर उलटी हा त्या झटक्याचाच भाग. पोटाचं काम तेव्हा मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नुसती पडून राहते. मी हे तिशीत शिकले.

पण आई, हल्लीचं तुझं दुखणं ते नाही. सकाळी उठल्यापासून, दोन्ही बाजूंना, रोज. मागच्या वेळी आले तेव्हा खणातली दहा गोळ्यांची पट्टी सहा दिवसांत संपली. साधी वेदनाशामक महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र गोळ्या नि ट्रिप्टान (माझ्या सुमाट्रिप्टानच्या गटातल्या गोळ्या) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. दुखतं म्हणून घ्यायची, घेते म्हणून दुखतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच गोळ्या ब्लडप्रेशर वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. मात्र मनानं बंद करू नकोस. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, तेव्हा डॉक्टरांचा हात पाठीशी हवा. झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची औषधंही आहेत. प्रोप्रॅनोलॉल, कॅन्डेसार्टन ही तर मुळात ब्लडप्रेशरचीच. (दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नाही.) गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडायचं नाही.

एक गोष्ट मात्र आजच विचारते. विंचरताना कानशिलं हुळहुळतात का? चावताना जबडा दुखून थांबावं लागतं का? क्षणभर अंधारी, एकाचं दोन दिसणं? पन्नाशीनंतर डोकेदुखीचा ढंग बदलला तर कानशिलाजवळच्या धमनीची सूज नाही ना, हे पाहावं लागतं. ती असली आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. यातलं काहीही "हो" असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल.

बाबा, तुमचं काम सोपं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसाला फुली, घेतलेल्या प्रत्येक गोळीला टिंब. चारच्या सुमाराला आईला विचारून करा, रात्री ती "आज बरी होते" म्हणते. पुढच्या महिन्यात मी येते, ते पान काढून न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जाऊ. मध्ये तिला "पित्त आहे, डॉक्टर कशाला" म्हणायचंच असेल तर मला फोन करून म्हणू दे. तुम्ही लगेच ऐकता.

तुमची,
चिमी