जुन्या घराच्या वाटेवर निघालेले ज्येष्ठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंश झालेले एखादे आजोबा बडोद्यात संध्याकाळी घरातून निघून गेले, तर ते पुष्कळदा जुन्या घराकडे निघालेले असतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून किती तरी मराठी कुटुंबं मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये गेली. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात. नवा फ्लॅट पुसला जातो, वाडा मात्र पक्का राहतो.

माझे सासरे पाचच्या सुमारास टोपी घालून, कापडी पिशवी घेऊन दाराशी उभे राहतात. "आई वाट बघत असेल, निघतो." दिवस कलला की या रुग्णांची घालमेल वाढते, हे डॉक्टरही सांगतात. "अप्पा, हेच आपलं घर" म्हटलं की चिडतात. "चहा घेऊ आणि निघू" म्हटलं की बसतात. मग सोसायटीभोवती एक फेरी मारून परत आलो की पुष्कळदा तेच म्हणतात, "चला, पोचलो."

दाराची एक कडी आम्ही चौकटीच्या अगदी वर, सहसा नजर जात नाही अशी बसवली आहे. दाराला घुंगरू बांधलं आहे, चपला कपाटात ठेवतो. पण माणसाला एकटं ठेवून बाहेरून कुलूप कधीही लावू नये. आग लागली तर तो बाहेर पडणार कसा?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. आयुष्यभर कचेरीत अस्खलित गुजराती बोललेले सासरे आता कुणी काही विचारलं तरी मराठीतच उत्तर देतात. मागाहून शिकलेली भाषा अनेकांच्या बाबतीत आधी सुटते. म्हणून नाव, आजार आणि घरच्यांचे दोन फोन नंबर गुजरातीतही लिहिलेले हवेत. खिशातलं कार्ड ते काढून टाकतात, त्यामुळे आम्ही सदऱ्याच्या आत कापडी पट्टीच शिवून घेतली.

मला सगळ्यात खुपते ती लपवाछपवी. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो, किंवा लोक काय म्हणतील म्हणून शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. वॉचमन, किराणावाले, नाक्यावरचे रिक्षावाले, देवळातले पुजारी, सगळ्यांना सांगून ठेवा, फोटो दाखवून ठेवा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. यात लाजण्यासारखं काय आहे?

माणूस दिसेनासा झालाच, तर चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. लगेच 112 हा आपत्कालीन नंबर लावा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी, एल्डरलाइन, सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते, त्यामुळे रात्री तिच्यावर विसंबू नये. पाण्याच्या जागा आधी बघा: सूरसागर तलाव, विश्वामित्री नदीचा काठ, उघड्या पावसाळी कांसा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले. नदीतल्या मगरी आपल्याला माहीत आहेत, आजोबांना त्या क्षणी आठवतीलच असं नाही. नुसत्या हाका मारून भागत नाही. असा माणूस दहा पावलांवर झुडपामागे किंवा उभ्या गाडीमागे गप्प बसून राहतो, ओ देत नाही. आणि एक जण ताबडतोब जुन्या पत्त्यावर पाठवा.

आपण हरवल्याच्या निवेदनांत 'मानसिक स्थिती ठीक नाही' असं छापता. त्याऐवजी 'स्मृतिभ्रंश आहे' असं स्पष्ट लिहावं आणि जुना पत्ताही द्यावा, ही विनंती. वाचणाऱ्याला त्यावरून माणूस कुठे दिसू शकेल हे कळेल.

पोलिसांकडेही मागणं आहे. शहर पोलिसांची शी टीम, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीचं पथक, ज्येष्ठांचीही विचारपूस करते. तिनेच प्रत्येक ठाण्यात अशा रुग्णांची, कुटुंबाची संमती घेऊन, फोटो, जुना-नवा पत्ता आणि बोलीभाषा यांसह नोंद ठेवावी. जपानमध्ये डिमेन्शियामुळे बेपत्ता झालेल्यांची नोंद पोलीस वेगळी ठेवतात. 2023 मध्ये तो आकडा 19 हजारांवर गेला होता. तिथल्या इरुमा शहराने तर 2016 पासून रुग्णांच्या नखावर चिकटवायचे क्यूआर कोड दिले. आपल्या ठाण्यात एक वही ठेवायला फार खर्च नाही. आपल्या बातमीदाराने हा विषय पोलीस आयुक्तालयात मांडावा. माहिती गोळा करायला मांजलपूर भागात मी स्वतः घरोघर फिरायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, मांजलपूर, बडोदे