चाचा, तुम्ही पेटीचे सूर तीन घरं सरकवलेत

आदरणीय चाचा,

सलाम आणि नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो गुरुजी, कामच आहे माझं ते" म्हणून विषय संपवता. दोनदा तसंच झालं. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. परभणीच्या स्टेशनजवळच्या तुमच्या त्या एवढ्याशा पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीच्या दुकानात बसून तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते चार लोकांना कळायला हवं.

आमचं गाणं १९७२ च्या दुष्काळातलं. गावात पाझर तलावाचं काम निघालं होतं. विहिरी आटलेल्या, घरात मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरी, कामावर लेकरांना सुकडी. आम्ही चौघं तेव्हा विशीतले. दिवसा माती वाहायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कलापथकाची तालीम. तिथंच हे जुळलं:

आभाळा, तुझ्या दारात उभी माय,
घागर पालथी, आता करू काय?

तीन कडवी आमची. चौथं माती वाहणाऱ्या बायांनी जोडलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात सरस आहे. पुढची सात-आठ वर्षं जिंतूर, सेलू, मानवत, जाऊ तिथं लोक हेच गाणं मागायचे. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ मध्ये सैल झाली होती. आमचा पेटीवाला त्यानं इतका हरखला होता की "आता आपली पेटी रेडिओवर" असं दर कार्यक्रमाला म्हणायचा. ते काही झालं नाही. नोकऱ्या, शेती, लेकरांची लग्नं यात पेटी माळ्यावर गेली. चौघांतले आता तिघं उरलोत.

यंदा गावातल्या पोरांनी त्याच तलावातला गाळ काढला आणि पाळीवर कार्यक्रम ठेवला. "आबा, ते गाणं तुम्हीच म्हणायचं," म्हणाले. पेटी खाली काढली तर उंदरांनी भात्याला भोकं पाडलेली, अर्धे सूर मुके, पितळेवर हिरवा थर. आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेली. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि "भंगारात द्या, कीबोर्ड घ्या" म्हणाले. माझा मित्र, आमचा तोच पेटीवाला, तिथून निघाल्यापासून एसटीत बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. पेटी मात्र गावापर्यंत मांडीवरच होती त्याच्या.

तुम्ही पेटी उघडायच्या आधी नुसतं पट्ट्यांवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "पांढरी चारमध्ये गात होतात ना?" पांढरी चार म्हणजे चौथी पांढरी पट्टी सा धरून गायचं. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. मग तुम्ही दाखवलंत. पांढरी चार आणि तिच्या सोबतीच्या पट्ट्या झिजून खालचं लाकूड दिसत होतं, बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. इतकी वर्षं पेटी आमच्या घरात होती, पण ते आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग म्हणालात, "म्हणून दाखवा." मुखडा निभला. पहिल्या कडव्यात आवाज वरच्या सा ला जातो, तिथं माझा गळा फाटला. आमच्या वयाकडं बघून कुणीही "वा गुरुजी" म्हणून वेळ मारून नेली असती. तुम्ही मान हलवलीत आणि सरळ सांगितलंत, "पांढरी दोनवर या. वरचा सा मिळेल." म्हणजे काळ्या पट्ट्या धरून तीन घरं खाली. मला ते लागलं, चाचा. रात्रभर लागलं. पण तसं कुणी सांगितलं नसतं तर मी पाळीवर उभा राहून साऱ्या गावासमोर तिथंच अडलो असतो.

खरी अडचण माझ्या मित्राची होती. त्याची बोटं पांढरी चारच ओळखतात. पांढरी दोनचा सा धरला की गंधार काळीवर जातो, सगळी चाल बदलते. त्यात बोटं संधिवातानं आखडलेली आणि कानात मशीन. लांबवलेला सूर त्या मशीनला शिटीसारखा वाटतो आणि ते तो दाबायला बघतं, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. "वाजवताना मशीन काढून ठेवा, पेटीवर वाकून बसा," म्हणालात. बाकी काही बोलला नाहीत. "आठ दिवसांनी या," एवढंच.

आठ दिवसांनी त्यानं सवयीनं पांढरी चार दाबली आणि पांढरी दोन वाजली. तो दचकला. पुन्हा दाबली. ३९ पट्ट्यांची पेटी. तुम्ही एकेक सूर, म्हणजे आत वाजणारी पितळी जीभ तिच्या चौकटीसकट, स्क्रू काढून मोकळा केलात आणि तीन घरं वर नेऊन बसवलात. खालची तीन घरं रिकामी राहिली, तिथं तुमच्या डब्यातले जुने खर्जाचे सूर बसवलेत. त्याच्या बोटांना आपली जागा सोडायची गरजच उरली नाही.

शेवटचा एक सूर तुम्ही आमच्यासमोर मिळवलात. सुराच्या जिभेखाली पातळ पट्टी सरकवायची, कानशीनं अगदी हलकं घासायचं, घरात बसवून ऐकायचं, पुन्हा काढायचं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. किती वेळा तो काढलात आणि बसवलात ते मी मोजायचं सोडून दिलं. दुकानात पंखा बंद होता, कारण त्याच्या आवाजात सूर नीट कळत नाही. तुमच्या कपाळावरचा घाम नाकापर्यंत आला होता. पैसे घेतलेत ते भात्याच्या सामानाचे आणि थोड्या मजुरीचे. त्या तीन सुरांचे घेतलेच नाहीत.

कार्यक्रम चांगला झाला. ढोलकी तेवढ्या खाली उतरवली तर पुडीच्या काठावरची चाट बोलेना, म्हणून शेजारच्या गावातून मोठ्या तोंडाची ढोलकी आणली. मित्रानं मशीन काढून खिशात ठेवलं आणि पेटीवर वाकून वाजवलं. वरचा सा मला मिळाला. चौथं कडवं आलं तशा पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाया आपणहून म्हणायला लागल्या. एक आजी मधेच म्हणाली, "आमच्या कडव्याला घाई करू नका." मग ते पुन्हा म्हटलं.

वरचे तीन सूर उरले होते, ते तुम्ही कागदात बांधून दिलेत, "जपून ठेवा, पेटीचेच आहेत" म्हणून. ती पुडी पेटीच्या खणात आहे. फेब्रुवारीत तुराबुल हक शाह बाबांच्या उरुसाला आम्ही तिघं परभणीला येतोय. पेटी आणि ढोलकी घेऊनच येऊ. दुकान एक तासभर बंद ठेवा, चाचा. तुम्ही आमचं गाणं ऐकलंय ते फाटलेल्या गळ्याचं, तेही एका कडव्यापुरतं. चौथं कडवं तुम्ही अजून ऐकलेलंच नाही.

तुमचा,
जिंतूरकडचा गुरुजी