तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका जवानाच्या अंत्यसंस्काराचे छायाचित्र आले होते. हवेत फैरी झाडणारे तीन पोलीस, आणि खाली ओळ : ‘थ्री-नॉट-थ्रीने अखेरची सलामी’. त्या रायफलींचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, चौकोनी ठोकळ्यासारखे खाली उतरलेले छायाचित्रात स्पष्ट दिसते. थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ बोअरची जुनी ली-एनफील्ड रायफल; तिचे मॅगझिन बुडाशी तिरके असते आणि त्यात १० राउंड, म्हणजे काडतुसे, बसतात. चौकोनी, १२ राउंडचे मॅगझिन पश्चिम बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिमी रायफलीचे. पोलीस शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

दोन्ही रायफली लांबून सख्ख्या बहिणी वाटतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला बंदुका तातडीने हव्या होत्या, आणि नवे काडतूस ७.६२ चे ठरले होते. तेव्हा इशापूरच्या कारखान्याने हाताखालचा जुना ली-एनफील्डचा घाट तसाच ठेवला आणि आतले सगळे नव्या काडतुसासाठी बदलले. जुन्या रायफलीला नुसती नवी नळी लावली असे अनेक जण समजतात, तसे नाही. ७.६२ चा दाब जास्त, म्हणून पोलादही जास्त मजबूत वापरले. तीच ही २ए आणि नंतरची २ए-१.

दोन काडतुसे तळहातावर शेजारी ठेवून पाहा. थ्री-नॉट-थ्रीच्या बुडाला वाटीच्या काठासारखी बाहेर आलेली कड असते, त्या कडेवर ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, अडून बसते. ७.६२ ला बाहेर आलेली कड नाही, बुडाजवळ फक्त खाच. ते खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, टेकते. पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीची, लांबी एकाची ५६ मिमी, दुसऱ्याची ५१.

एका वार्षिक गोळीबार सरावाला हा फरक मी मैदानावर भोगला आहे. नोंदवहीत सरसकट ‘थ्री-नॉट-थ्री’ लिहिलेले, त्याप्रमाणे राउंडही तेच आले, आणि रायफलींत दोन निघाल्या २ए-१. एक तरुण शिपाई चेंबरमध्ये राउंड घालून बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, तळहाताने ठोकत होता. राउंड थोडा बाहेरच राहिलेला, बोल्ट मिटेना. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. त्याचा तळवा लाल झाला होता आणि तो मलाच म्हणत होता, “साहेब, रायफल खराब आहे.” ते सरावाचे मैदान होते म्हणून निभावले. बंदोबस्तावर समोरून गोळी येत असती तर त्या पोराने काय करायचे होते?

फोर-टेन (.४१०) मस्कटचे तर याहून वाईट. इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्रीच्याच नळ्या आतून रुंद आणि गुळगुळीत करून या बंदुका पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच राउंड. देशी शिपायाच्या हातात पुरती रायफल द्यायचा भरवसा त्यांना नव्हता, हे त्या ठोकळ्याला हात लावला की आजही कळते. तिचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पुंगळीचे, फक्त मान न आवळलेले. तिथे अडचण उलटी आहे : खरा थ्री-नॉट-थ्री राउंड त्या चेंबरमध्ये सहज शिरतो, आणि झाडला तर पुंगळी फुटू शकते. बोल्ट अडला तर माणूस थांबतो तरी.

इस्रायलने जर्मन माउझर रायफली ७.६२ ला बदलल्या, तेव्हा दस्त्याच्या लाकडावर ७.६२ हा आकडा ठसठशीत डागला. अंधारात बोटाने चाचपला तरी कळावा असा. आपल्याकडे आकडा आहे, पण लोखंडावर, बारीक, आणि वर वर्षानुवर्षांचे तेल-रंग.

गावाकडची मंडळी मला विचारतात, “काका, आमची .३१५ ची थ्री-नॉट-थ्री करून द्या ना.” नाही, बाबांनो. थ्री-नॉट-थ्री हे लष्करी बोअर, सामान्य नागरिकाला मनाई असलेले. म्हणूनच तर नागरिकांसाठी .३१५ निघाली. शिवाय परवान्याशिवाय शस्त्रात फेरफार करायला मनाई करणारे शस्त्र कायद्याचे कलम ६ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणेही त्यात येते. गावठी लेथवरच्या अशा कामाने डोळा गमावलेला माणूस मी पाहिला आहे.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभाने निरोप दिला. आपल्याकडेही जुनी शस्त्रे मोडीत निघत आहेत. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक जिल्ह्याने थ्री-नॉट-थ्री, मस्कट आणि २ए-१ यांची एकेक निकामी केलेली प्रत मुख्यालयात ठेवावी, आणि तिच्याखाली तिचे काडतूसही मांडावे. नव्या भरतीच्या पोरांना पहिल्याच दिवशी तिथे उभे करावे. ज्या अजून वापरात आहेत त्यांच्या दस्त्यावर आकडा पांढऱ्या रंगाने मोठा लिहावा. एक डबा रंग आणि एक दुपार, एवढेच काम आहे. सांगाल तिथे मी स्वतः येऊन करून देईन.

आणि त्या छायाचित्राखालची ओळ कृपया दुरुस्त करून छापावी : ‘७.६२ मिमी, इशापूर’.

– एक निवृत्त पोलीस आर्मरर, धुळे